गोळी देणाऱ्याचे कर्तव्य



आमच्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडच्या आसपास आपल्याकडील मंडळींची जी घरे आहेत, त्यांपैकी बहुतेक घरांच्या स्वयंपाकघरात एक खण औषधांचा असतो. त्यात एका बाजूस येथील दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळ्यांची मोठी बाटली असते आणि दुसऱ्या बाजूस मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. गुडघा, कंबर, मान, डोके, काहीही दुखू लागले की हात त्या खणाकडे जातो. डॉक्टरांना विचारण्याची कोणास गरज वाटत नाही, कारण ज्या वस्तूस चिठ्ठी लागत नाही ती निरुपद्रवीच असणार, असा आपला समज असतो.

मी डॉक्टर नाही. शिक्षकी पेशात आयुष्य गेले. तेव्हा अमुक गोळी घ्या आणि तमुक घेऊ नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. परंतु या खणात वैद्यकीय प्रश्नाबरोबर एक नैतिक प्रश्नही आहे आणि त्याचा विचार तुम्ही-आम्ही सर्वांनी केला पाहिजे. तो प्रश्न असा: दुसऱ्याची वेदना थांबवली की आपले कर्तव्य संपले काय? की ते तेथून सुरू होते?

प्रथम थोडी माहिती. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही सर्व औषधे एकाच कुळातील आहेत. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखापतीच्या जागी वेदना आणि सूज वाढवण्यात त्यांचा हात असतो. अ‍ॅस्पिरिन ही द्रव्ये तयार होण्यास अडथळा करते, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अ‍ॅस्पिरिनच्या कुळातील इतर गोळ्याही तेच काम करतात. परंतु गंमत अशी की हीच द्रव्ये मूत्रपिंडात एक उपकारक काम करीत असतात. शरीरातील पाणी कमी झाले, हृदय थकले किंवा वय झाले म्हणजे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ आटू लागतो. त्या वेळी ही द्रव्ये तेथील बारीक रक्तवाहिन्या रुंद ठेवून ओघ टिकवतात. गोळी गुडघ्याला ओळखत नाही आणि मूत्रपिंडालाही ओळखत नाही. ती दोन्हीकडचे काम बंद पाडते. तरुण, धडधाकट माणसाने दोन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. पण साठी-सत्तरी उलटलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने ती महिनोन्‌महिने घेतली, तर गुडघ्याचे सुख मूत्रपिंडाच्या खर्चाने विकत घेतले जाण्याचा संभव असतो.

आणि मूत्रपिंड तक्रार करीत नाही. आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. एवढे काम करणारा हा अवयव निम्म्याहून अधिक निकामी झाला तरी दुखत नाही. अमेरिकेत प्रौढांपैकी सातांमागे एकाहून अधिक लोकांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे आणि त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ जणांना त्याचा पत्ताच नाही, असा येथील सरकारी आरोग्य खात्याचा अंदाज आहे.

ज्यांनी वर्गावर शिकवले आहे त्यांना ही गोष्ट पटकन समजेल. वर्गात जो मुलगा आरडाओरडा करतो त्याच्याकडे शिक्षकाचे लक्ष जाते. मागच्या बाकावर जो मुकाट बसतो तो ठीक चालला आहे असे आपण धरून चालतो आणि वार्षिक परीक्षेत तोच नापास झालेला दिसतो. गुडघा हा ओरडणारा मुलगा आहे आणि मूत्रपिंड हा मागच्या बाकावरचा. ओरडणाऱ्याला गप्प करण्यासाठी न बोलणाऱ्याच्या तोंडचा घास काढावा आणि तो बोलत नाही म्हणून त्याची संमती आहे असे मानावे, हा न्याय नव्हे.

हे केवळ पुस्तकी भय नाही. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ए.पी.सी. हे नाव आठवेल. अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांचे ते मिश्रण. जगभर कोट्यवधी लोकांनी ते डोकेदुखीवर घेतले. स्वित्झर्लंडमध्ये १९५३ साली स्प्यूलर आणि झोलिंगर या दोन डॉक्टरांनी अशा मिश्रणांचा अतिरेक करणाऱ्या लोकांच्या मूत्रपिंडांत एक विशिष्ट बिघाड आढळतो, असे निदर्शनास आणले. ऑस्ट्रेलियात तर या पुड्या गृहिणी चहाच्या कपाबरोबर घेत. घरकामाचा शीण आला की एक पुडी, असा रिवाजच पडला होता. मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किनकेड-स्मिथ यांनी रुग्णांची बारकाईने चौकशी करून या पुड्यांचा आणि निकामी झालेल्या मूत्रपिंडांचा संबंध लोकांपुढे ठेवला. १९७९ साली तेथे अशा मिश्रणांची खुली विक्री थांबवण्यात आली आणि पुढील वर्षांत तशा रुग्णांची संख्या स्पष्टपणे घटली. अमेरिकेने १९८३ साली फेनासेटिन बाजारातून काढून टाकले. या साऱ्या प्रकरणात दुष्ट म्हणावे असे माणूस शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. पुडी आणून देणारा नवरा प्रेमळ होता, दुकानदार नेहमीचा होता, घेणारी बाई कष्टाळू होती. उणीव एवढीच होती की पुडी दिल्यानंतर पुढे काय होते हे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जुन्या मुलखातील आहे. रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा, जेथील गावांवरून आपल्यापैकी कितीतरी जणांची आडनावे पडली, तेथे आपल्या आजोबांच्या काळी मेलेल्या गुरावर गिधाडांचे थवे उतरत. १९९० नंतरच्या काळात ही गिधाडे भारतभर दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा-वीस वर्षांत शेकडा ९९ हून अधिक घटली. मुंबईत मलबार हिलवरील पारशी बांधवांच्या दोख्म्यांवर गिधाडे येईनाशी झाली आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवण्याची वेळ आली. काही वर्षे शास्त्रज्ञांना वाटत होते की ही एखादी साथ असावी. मग लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरात त्यांना डायक्लोफेनॅक सापडले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. शेतकरी लंगडणाऱ्या बैलाला, आजारी गाईला हे औषध टोचून घेत. जनावर मेले तर त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई आणि काही दिवसांतच त्या पक्ष्याची मूत्रपिंडे बंद पडत.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. बैलाच्या वेदना पाहून ज्याने पदरमोड करून औषध आणले त्या शेतकऱ्याला आपण दोष देऊ काय? मुळीच नाही. त्याने दयाच केली. परंतु त्याची दया बैलापाशी थांबली आणि औषध मात्र तेथे थांबले नाही. ते पुढे चालत राहिले. यातून मला असे वाटते की हेतू शुद्ध असणे ही सत्कृत्याची पहिली अट आहे, पण ती एकमेव अट नाही. आपण केलेले चांगले काम पुढे कोठे जाते, कोणाच्या पोटात जाते, हे पाहणे त्या कामाचाच भाग आहे.

आणि या प्रकरणाचा शेवटही लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यास बंदी केली. तेव्हा गुरांना तळमळत ठेवा असे कोणी म्हटले नाही. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही असे तपासून ठरवले गेले आणि ते पुढे आणले गेले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात आहेत हे लक्षात आल्यावर २०१५ साली कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणले गेले. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवरही जनावरांपुरती बंदी आली. रायगडमध्ये म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात उरलेली गिधाडे जपण्याचे काम गावकऱ्यांच्या साहाय्याने झाले. दया मागे घ्यावी लागली नाही. दयेला डोळे द्यावे लागले.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. समजा, ठाण्याहून आई येथे मुलाकडे राहावयास आली आहे. वय ८०. रक्तदाबासाठी तिला दोन गोळ्या आहेत, एक लोसार्टनसारखी आणि दुसरी लघवी साफ करून अंगातले पाणी कमी करणारी. गुडघे दुखतात म्हणून मुलगा तिला खणातील आयब्युप्रोफेन देतो. या तीन गोळ्या, प्रत्येक आपापल्या जागी योग्य, एकत्र आल्या म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी भार टाकतात, हे वैद्यकशास्त्रात सुपरिचित आहे. त्यातच उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उन्हाळा लागला की पाणी आणखी कमी होते. किप्पूरचा उपवास तर पंचवीस तासांचा, पाण्याच्या थेंबाविना. अशी औषधे घेणाऱ्या वृद्धांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. जीव जपणे उपवासाहून श्रेष्ठ आहे, हे आपल्या लोकांना मी वेगळे सांगावयास नको.

या घरात लक्ष कोणी ठेवावयाचे? गुडघ्याच्या डॉक्टरांना वाटते की रक्तदाबाचे डॉक्टर पाहत असतील. रक्तदाबाच्या डॉक्टरांना दुकानातील गोळीची माहितीच नसते, कारण ती कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नाही. औषधाच्या दुकानातील माणसाला मुंबईची पट्टी दिसत नाही. कंपनीने बाटलीवर बारीक अक्षरांत सर्व छापले आहे. आयब्युप्रोफेन १९८४ पासून येथे चिठ्ठीवाचून मिळते आणि दुखणे दहा दिवसांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना विचारा, मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारा, असे त्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेले असते. पण आईला इंग्रजी वाचता येत नाही आणि मुलाला चष्मा शोधावयास सवड नाही. अशा रीतीने पाच जणांची जबाबदारी ती कोणाचीच राहत नाही.

माझे मत असे आहे की जिच्या हातावर गोळी ठेवली तिच्यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य गोळी ठेवणाऱ्याकडे आपोआप येते. डॉक्टरांनी ठेवली तर डॉक्टरांकडे, मुलाने ठेवली तर मुलाकडे आणि स्वतःच घेतली तर स्वतःकडे. मुलाला वैद्यक येत नाही हे खरे. पण सर्व गोळ्या, दुकानातल्या आणि मुंबईच्या सुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवणे आणि ‘हिच्या मूत्रपिंडाची तपासणी केव्हा झाली होती?’ असे विचारणे यासाठी वैद्यक यावे लागत नाही.

तपासणी तरी किती मोठी? रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आणि लघवीतील अल्ब्युमिन. मात्र क्रिएटिनिनचा आकडा पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नये. तो आकडा स्नायूंवर अवलंबून असतो आणि म्हातारपणी स्नायू झडतात. क्रिएटिनिन १.१ असलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची मूत्रपिंडे आज वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे सुमारे ९५ या गतीने गाळत असतात आणि तोच १.१ आकडा असलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीची सुमारे ५० या गतीने. कागदावर दोघांचे गुण सारखे दिसतात, पण एक उत्तीर्ण आहे आणि दुसऱ्याकडे लक्ष द्यावयास हवे. ही गती तीन महिने वा अधिक काळ ६० च्या खाली राहिली तर जुनाट विकार समजतात. ६० च्या खाली या कुळातील गोळ्या दीर्घकाळ घेऊ नयेत आणि ३० च्या खाली टाळाव्यात, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. म्हणून अहवालात गाळण्याची गती निराळी लिहिलेली असते, ती पाहावी. गोळी सुरू करण्यापूर्वी एक तपासणी, धोका असलेल्यांत सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. वेळीच कळले आणि गोळी थांबवली तर अशा गोळीमुळे अचानक झालेली घट पुष्कळ वेळा भरून येते. उशीर झाल्यास तसे सांगता येत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की हे सर्व ऐकून लोक घाबरतील आणि वृद्धांना वेदनेत ठेवतील. हा धोका खरा आहे. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचे कौतुक करण्याची जुनी खोड आहे. ‘आमची आई कधी हूं की चूं करीत नाही’ असे मुलगे अभिमानाने सांगतात. परंतु जिला रात्रभर झोप नाही, जिना उतरवत नाही, तिच्या सोसण्यात कसला आला आहे मोठेपणा? निष्कारण सोसणे हा सद्‌गुण नव्हे आणि दुसऱ्याला सोसावयास लावणे हा तर दुर्गुणच. गिधाडांच्या गोष्टीत पाहिले तसे येथेही दुसरे मार्ग असतात. दुखऱ्या गुडघ्यावर चोळण्याचे डायक्लोफेनॅकचे मलम २०२० पासून येथे चिठ्ठीवाचून मिळते आणि ते गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडे उतरते. पॅरासिटामॉल, ज्याला येथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, ते मूत्रपिंडास या गोळ्यांपेक्षा सौम्य आहे, मात्र त्याचा अतिरेक यकृतास घातक आहे. व्यायाम आहे, शेक आहे. मूत्रपिंडे अधू असतील तर गॅबापेंटिनसारखे औषध शरीरात साठून गुंगी आणते आणि माणूस पडतो, म्हणून तेथेही मात्रा ठरवण्यासाठी तोच आकडा लागतो. म्हणजे लक्ष ठेवणे हा वेदनाशमनातला अडथळा नाही. निर्धास्तपणे वेदना शमवता यावी म्हणून तर लक्ष ठेवावयाचे.

दुसरा आक्षेप पैशाचा. आईला येथे येऊन पाच वर्षे झालेली नसतील तर वय होऊनही मेडिकेअर मिळत नाही, प्रवासी विमा तपासणीला पैसे देत नाही, म्हणून दुकानातील गोळीवर भागवावे लागते. या अडचणीला मी हसणार नाही. ती पुष्कळ घरांत आहे. परंतु मिळकतीप्रमाणे पैसे घेणारी सरकारी साहाय्याची आरोग्य केंद्रे या देशात आहेत. ही रक्ततपासणी महागड्या तपासण्यांतील नाही. आणि ज्या वाटेने जाऊन आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसच्या खुर्चीत बसावे लागते, त्या वाटेशी तुलना केली तर तिचा खर्च काहीच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि तो बहुधा खुद्द आईच घेते. ‘माझी आता किती वर्षे राहिली आहेत? मूत्रपिंडाचे काय व्हायचे ते होवो. मला नातवाबरोबर बागेपर्यंत चालत जाऊ द्या.’ याला काय उत्तर द्यावे? पुष्कळ विचारान्ती मला असे वाटते की तिला हे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. शरीर तिचे आहे आणि उरलेल्या दिवसांत काय मोलाचे हे तिनेच ठरवावे. पण अधिकार बजावण्यापूर्वी माहिती असावी लागते. गती ७० असताना असे म्हणणे वेगळे आणि २८ असताना वेगळे. आकडा न पाहता केलेली निवड ही निवड नव्हे, तो अंधारात टाकलेला पाय आहे. म्हणून आकडा काढावा आणि तो तिच्यापासून लपवू नये. ‘तुला काय समजते, तू फक्त गोळी घे’ हे जसे अन्यायाचे, तसेच ‘आजपासून तुझी गोळी बंद’ असे तिला न विचारता फर्मावणेही अन्यायाचे. मराठीत, तिच्या भाषेत, तिच्या शेजारी बसून सांगावे: आई, हे असे आहे, ही गोळी घेतली तर हे होऊ शकते, हे दुसरे उपाय आहेत, तुला काय वाटते? मग ती जे सांगेल त्याचा मान ठेवावा.

येथे तल्मूदातील एका जुन्या कल्पनेची आठवण होते. बराखोथ या भागात आपल्या विद्वानांनी मूत्रपिंडांना सल्लागार म्हटले आहे. दोहोंपैकी एक माणसाला बऱ्याचा सल्ला देते आणि दुसरे वाईटाचा, असे ते म्हणत. शरीरशास्त्र म्हणून ती गोष्ट आज कोणी घेणार नाही. परंतु मूत्रपिंड सल्ला देते ही गोष्ट अगदीच खोटी नाही. आजही ते सल्ला देते, रक्ताच्या एका नळीतून आणि लघवीच्या एका बाटलीतून. फक्त आपण होऊन देत नाही. विचारावे लागते.

तेव्हा वाचकहो, एवढेच करा. या आठवड्यात तो खण उघडा. कोण कोणती गोळी किती दिवस घेत आहे ते एका कागदावर लिहा. घरातील वडील माणसे मुलांना त्रास नको म्हणून गुपचूप गोळ्या घेत असतात. त्यांना रागावू नका, मायेने विचारा. कागद आणि गोळ्या पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा आणि गाळण्याची गती विचारून त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी मात्र हा लेख वाचून आपल्या मनाने थांबवू नका.

ज्याला दुखते त्याला गोळी देणे हे चांगुलपणाचे काम आहे. ते अर्ध्यावर सोडू नये, इतकेच माझे म्हणणे. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.